भागूबाईचा शेजार

शर्यतीच्या छापील पत्रिकेत तिचं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं. ते धड उच्चारू शकेल असा माणूस अख्ख्या तबेल्यात नव्हता. वर्तमानपत्रवाले तिला वाघीण म्हणायचे. आणि तिची निगा राखणारे साईस, ज्यांना मालकिणीपासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच काका म्हणत, ते तिला म्हणायचे भागूबाई. भित्री भागूबाई! लोकांना वाटे, म्हातारा लाडानं उलटं बोलतोय. छे हो, कसलं उलटं? काका अगदी खरं तेच सांगत होते. त्या घोडीइतकं भित्रं जनावर त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि हीच घोडी एकही शर्यत हरली नव्हती, हे त्यातलं खरं त्रांगडं.

ती तबेल्यात आली तेव्हा दोन वर्षांची होती. जातिवंत थरोब्रेड, तांबूस अंगाची, आणि पाय असे लांब की तिचे तिलाच सांभाळता येत नव्हते. येताना वाटेत ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि शेजारी बांधलेली तीन दांडगी घोडी एकदम तिच्या अंगावर आली. मधली फळी मोडली, किंचाळ्या, लाथा, सगळा कल्लोळ. गाडीतून खाली उतरल्यावर ती जी काकांच्या पाठीमागे जाऊन दडली, ती दडलीच. बरगडीवरची जखम लवकर भरली, वर केसही उगवले. पण शेजारी दुसरं घोडं येऊन उभं राहिलं की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. कान मागे, डोळ्यांतला पांढरा भाग बाहेर, आणि अंगाला कापरं.

काकांनी तिच्यासाठी रांगेतलं शेवटचं ठाण मागून घेतलं. एका बाजूला गवताच्या कोठाराची भिंत. दुसऱ्या बाजूच्या ठाणात जुनी घोंगडी, फुटक्या बादल्या आणि तुटलेली खोगिरं कोंबलेली. मधल्या अर्ध्या भिंतीवर लोखंडी जाळी होती, तिच्यातून पलीकडचं दिसायचं. काकांनी जाळीवर फळ्या ठोकल्या. सकाळी बाकीची घोडी रपेटीहून परत आली की मग ते हिला बाहेर काढायचे. खरारा काका करणार, चारा काका घालणार, पायाला पट्ट्या काकाच बांधणार. इतर कुणी दारात उभं राहिलं तरी बाई कोपऱ्यात तोंड खुपसून उभ्या! काकांच्या पावलांची चाहूल लागली की मात्र हलकेच खिंकाळायची. ते ऐकलं की काकांची दिवसभराची सगळी दुखणी पळायची.

पहिल्या शर्यतीला काकांचा जीव टांगणीला लागला होता. स्टार्टिंग गेटात दोन्ही बाजूंना घोडी, मध्ये हातभर जागा. आता ही लोळण घेणार, नाहीतर जॉकीला पाडणार, असं धरून ते डोळे मिटून उभे राहिले. दार उघडल्याचा खणका झाला. लोक ओरडायला लागले. काकांनी डोळे उघडले तर भागूबाई पुढे, आणि बाकीची घोडी अशी मागे, जणू त्यांची शर्यत वेगळी आणि हिची वेगळी. जिंकल्याची रेघ ओलांडली तरी ती थांबेना. आणखी अर्धं मैदान पळाली. लोकांना वाटलं, काय ही ऐट! स्वतःच विजयाची फेरी मारतेय! टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

तिचा जॉकी म्हणजे मूठभर माणूस. सगळे त्याला वाटाणा म्हणत आणि तोही ते नाव खुशीत मिरवत असे. पत्रकारांनी विचारलं, काय डावपेच होते? वाटाणा म्हणाला, "डावपेच कसले? ती पळाली. मी पडलो नाही. झालं."

पुढच्या तीन मोसमांत हेच झालं. छोट्या शर्यती झाल्या, मोठ्या झाल्या, शहरातले रस्ते बंद पडावेत अशी गर्दी लोटणाऱ्या झाल्या. चिखलात जिंकली, कोरड्या ठणठणीत मैदानावर जिंकली. एकदा तर नाल निखळलेला असताना जिंकली. समोर कुणीही असो, बाईंच्या आसपास कुणी फिरकायच्या आत बाई पसार. तिच्या छातीत सिंहाचं काळीज आहे, असं एकानं छापलं. काकांनी ते काकूंना वाचून दाखवलं आणि दोघं पोट धरधरून हसली.

पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. शर्यत संपली की तासन्‌तास तिचं काळीज काकांच्या तळव्याखाली धडधडत राहायचं. घामानं निथळलेली, नाकपुड्या फुललेल्या, पाणीसुद्धा घोटाघोटानं प्यायची. बाहेर बँड वाजतोय, मालकीणबाई चषक उंचावून फोटो काढून घेतायत, आणि आत ही बया काकांच्या काखेत तोंड घालून उभी. एकदा काकांनी साहेबांना सांगूनही पाहिलं. साहेब म्हणजे तबेल्याचे ट्रेनर. घोड्यांशी लोण्याहून मऊ आणि माणसांशी फटकळ.

"साहेब, ती जिंकायला धावत नाही. भिऊन धावते."

"काका, मीही सगळा जन्म भिऊनच धावतोय," साहेब म्हणाले. "मला कुणी चषक देत नाही."

विषय तिथंच संपला. आणि खोटं कशाला बोला, काकांनीही पुन्हा काढला नाही. एवढी नावाजलेली घोडी, हजारो लोक जिच्या नावानं घसा फोडतात, ती जगात एकाच माणसाला जवळ येऊ देते आणि तो माणूस आपण, हे काय कमी होतं? काकांना मूलबाळ नव्हतं. कुणाला आपल्यावाचून घास उतरत नाही, यातलं सुख त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं, आणि ते सोडवत नव्हतं.

मग एके सकाळी साहेबांनी सांगून टाकलं. या मोसमातली मोठी शर्यत ही भागूबाईची शेवटची. पाय धड आहेत, नाव झालंय, तोवर थांबलेलं बरं, असं मालकीणबाईंनी ठरवलंय. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी गाडी येईल आणि ती स्टड फार्मवर जाईल. तिथं मोकळं कुरण आहे, इतर घोड्या आहेत, पुढे शिंगरं होतील.

सगळे म्हणाले, सुटली बिचारी, आता मजा! काकांच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. कारण एका मोसमानंतर तिला विश्रांतीसाठी त्याच फार्मवर धाडलं होतं. तिथल्या घोड्या कळपानं राहायच्या. हिनं त्यांच्यात पाऊल टाकलं नाही. कुंपणाच्या कडेकडेनं नुसती येरझाऱ्या घालत राहिली, इतकी की जमिनीत चाकोरी पडली. परत आली तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. तेव्हा निदान परत तरी आली होती. आता कायमची जाणार होती. एकटीला वेगळं ठेवता येईल का, असं काकांनी फार्मवाल्या बाईंना फोन करून विचारलं. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, "ठेवता येईल काका, पण एकटं घोडं झुरतं. पोटात शिंगरू असलं तर दोघंही झुरतात." मी येऊ का बरोबर, हेही काकांनी विचारलं. त्यांच्याकडे त्यांची माणसं होती.

काकू मैदानाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. जॉकींचे रंगीबेरंगी सदरे, टोप्या, खोगिराखालची पांढरी फडकी, सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून वेळेवर द्यायचं. दुपारी काका तिथं जाऊन बाकावर बसले. इस्त्रीची वाफ, साबणाचा वास, आणि काकूंचा हात चाललेला.

"माणसं घेत नाहीत म्हणे," काका म्हणाले.

"आणि घेतलं असतं तर? कळपात जाऊन झोपला असता?"

"झोपलो असतो!"

"झोपला असता, त्यात शंका नाही." काकूंनी एक हिरवी बाही उलटली. "अहो, एक बोलू? राग नाही ना यायचा?"

"येईल. बोल."

"ती भित्री होती हे खरं. पण ती भित्री राहिली ती तुमच्यामुळे. तिच्या आणि जगाच्या मध्ये तुम्ही उभे राहिलात. जाळीवर फळ्या ठोकल्यात. तिनं आजवर जे पाहिलं ते तुमच्या पाठीआडून पाहिलं. पाठ ही एवढी! तिला वाटणारच ना, पलीकडे राक्षस आहेत म्हणून."

काका उठून उभे राहिले. "म्हणजे माझंच चुकलं? तीन वर्षं जिवापाड जपलं ते चुकलं?"

"चुकलं नाही म्हणत. पुरे झालं म्हणते." काकूंनी इस्त्री उभी केली. "मी लग्न होऊन तुमच्या घरात आले, आठवतंय? घर जावा-नणंदांनी भरलेलं, सगळ्यांचे आवाज खणखणीत. मला त्यांच्यात बसून जेवण जाईना. तुम्ही काय केलंत? गुपचूप खोलीत ताट आणून द्यायला लागलात. इतकं बरं वाटायचं मला! आणि बाहेर जायची भीती दिवसागणिक वाढत चालली. शेवटी थोरल्या जाऊबाईंनी एकदा हाताला धरून बाहेर नेलं, कांद्याची टोपली पुढ्यात ठेवली आणि शेजारी बसल्या. बोलल्या काही नाहीत. नुसत्या बसल्या. कांदे संपेपर्यंत माझी भीती निम्मी झाली होती."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही ताट इतक्या प्रेमानं आणायचात, कसं सांगणार?"

काका बाहेर आले ते तणतणतच. पण बायकोचं बोलणं एकदा डोक्यात शिरलं की आत बसून कुरतडत राहतं, आणि ते खरं असलं तर जास्तच. दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या खोलीत गेले. भिंतीवर सगळीकडे भागूबाईचे फोटो. प्रत्येकात ती एकटी, मागे धूळ.

"साहेब, फळ्या काढतो म्हणतो. आणि शेजारच्या ठाणात मावशीला आणतो."

मावशी म्हणजे शर्यतीच्या दिवशी अवखळ घोड्यांना गेटापर्यंत सोबत करणारी म्हातारी घोडी. तरुणपणी धावायची तेव्हा कायम शेवटी. आता पोट सुटलेलं, ओठ लोंबलेला, उभ्या उभ्या डुलक्या काढायची. तिच्या कानाशी तोफ डागली तरी तिनं आधी तोंडातला घास संपवला असता.

साहेबांनी चष्मा काढला. "भीती गेली तर वेग जाईल, काका."

"जाईल. बहुतेक जाईलच."

"एक शर्यत राहिलीय. एकच. आजवर हरली नाही. अशी घोडी मला पुन्हा मिळणार नाही. माझं वय बघा. शर्यत होऊ दे, मग काय ते करा."

"शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी गाडी येतेय साहेब. मग कधी करू? गाडीत?"

साहेब भडकले. टेबलावर हात आपटला. तुम्हाला घोडीचं नाव मातीत घालायचंय का, असंही म्हणाले. काका मान खाली घालून उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत. शेवटी साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला विचारू नका. विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल. शेवटच्या ठाणाकडे मी हल्ली फारसा फिरकत नाही. गुडघे दुखतात."

साहेबांचे गुडघे ठणठणीत होते. काकांनी दोन्ही हात जोडले आणि काढता पाय घेतला.

फुटक्या बादल्या बाहेर निघाल्या, ताजं गवत अंथरलं, मावशी आत आली. काकांनी खिळे उपटले. शेवटची फळी निघाली आणि जाळीपलीकडे मावशीचं भलंमोठं डोकं दिसलं, तशी भागूबाई मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. घामानं चिंब झाली. त्या दिवशी तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काका तिच्या दारात बादली पालथी घालून बसले होते आणि मनातल्या मनात स्वतःला, काकूंना, थोरल्या वहिनींना आणि कांद्यांना शिव्या घालत होते. फळी पुन्हा ठोकायला ते उठलेही. हातोडी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. शेवटी त्यांनी ती लांब कोठारात नेऊन टाकली, कारण हाताशी राहिली असती तर त्यांचा धीर टिकला नसता.

मावशीला या कशाचं सोयरसुतक नव्हतं. ती खायची, डुलकी काढायची, उठून पुन्हा खायची. आपलं संपलं की जाळीखालच्या फटीतून नाक खुपसून भागूबाईचं गवत ओढायची. असा उघड दरोडा किती दिवस सहन करायचा? एका दुपारी भागूबाईनं कोपऱ्यातून हे पाहिलं. मान वर झाली. एक पाऊल पुढे टाकलं, थांबली, आणखी एक टाकलं. आणि मावशीचं नाक पुन्हा आत येताच तिनं त्याला कडकडून चावा घेतला! मावशी दचकली, नाक फेंदारून एकदा तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागली. भागूबाई थक्क. जग कोसळलं नव्हतं. कुणी अंगावर पडलं नव्हतं. तिनं हळूच मान लांब केली आणि जाळीशी नाक नेऊन मावशीचा वास घेतला. बादलीवर बसलेल्या काकांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना.

त्यानंतर काका रोज बादली थोडी मागे सरकवू लागले. आधी दारातून ओसरीत, मग ओसरीतून अंगणातल्या नळापाशी. पुढे दोघींना एकत्र फिरवायला सुरुवात झाली. भागूबाई आधी मावशीच्या मागे लांबून चालायची, मग शेपटीशी, मग एके दिवशी खांद्याला खांदा लावून. आणि एका दुपारी काका चारा घेऊन आले, तर त्यांच्या पावलांना खिंकाळी आलीच नाही. बघतात तर दोघी जाळीच्या दोन्ही अंगांना नाकाला नाक लावून झोपलेल्या. तिला असं दिवसाउजेडी निवांत झोपलेलं काकांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या पोटात असं काही टोचलं, की ते चारा तिथंच ठेवून तडक धुलाईखान्यात गेले.

"झोपलीय," ते म्हणाले. "मी आलो ते कळलंसुद्धा नाही तिला."

काकूंनी चहाचा कप पुढे केला.

इकडे साहेबांच्या हातातलं घड्याळ मात्र खरं बोलत होतं. सकाळच्या दौडीत भागूबाई पूर्वीसारखी सुटत नव्हती. वाटाणा एकदा उतरल्यावर काकांच्या कानाशी लागला, "काका, आज पहिल्यांदा ती माझं ऐकत होती. लगाम ओढला, सावकाश झाली. मी घाबरलोच! म्हटलं, ही आजारी तर नाही?" साहेबांनी ते ऐकलं. घड्याळ खिशात घालून निघून गेले.

शर्यतीच्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. वाघिणीला शेवटचं बघायला लोक लेकराबाळांसकट आले होते. काकू इस्त्रीचं काम उरकून कुंपणापाशी काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मावशी डुलत डुलत भागूबाईला गेटापर्यंत सोडून आली. भागूबाई आत गेली. डावीकडे एक घोडा, उजवीकडे एक घोडा. काकांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कान हलवले आणि उभी राहिली. काकांना तेवढं पुरे होतं. पण शर्यत अजून व्हायची होती.

दार उघडलं आणि ती सुटलीच नाही! म्हणजे निघाली, सगळ्यांबरोबर निघाली. गर्दीतून एक 'अरे' असा आवाज उठला. ती घोळक्यात होती, पाचवी की सहावी, दोन्ही अंगांना घोडी घासत होती आणि ती धावत होती. वळणावर वाटाण्यानं तिला बाहेर काढलं. मग दिसली तिची खरी ताकद. एकेकाला मागे टाकत ती पुढे आली, शेवटच्या सरळ पट्ट्यात सगळ्यांत पुढे असलेल्या राखाडी घोड्याच्या बरोबरीला आली. लोक बेभान झाले. वाटाण्यानं हात पुढे सारले, ओरडला, चाबूकही दाखवला, करायचं ते सगळं केलं. भागूबाईनंही कसर ठेवली नाही. पण तिला पळायला लावणारं जे होतं, ते आज तिच्या मागे लागलेलं नव्हतं. दोघं खांद्याला खांदा लावून धावत होती, आणि तिचे कान पुढे होते. जन्मात पहिल्यांदा, शर्यतीत, तिचे कान पुढे होते! राखाडी घोडा मानेएवढ्या अंतरानं जिंकला.

मैदान चिडीचूप झालं. कुणीतरी हातातलं तिकीट फाडलं, कुणीतरी वाटाण्याच्या नावानं घाणेरडी शिवी हासडली. एक आजोबा टोपी काढून बाकावर बसले ते बसलेच. त्या सगळ्या लोकांसाठी काकांना वाईट वाटलं. मनापासून वाटलं. काय घेऊन ते घरी जाणार होते आता? आणि हे सगळं आपण केलं, हे त्यांना ठाऊक होतं.

साहेब खोगीर उतरवायच्या जागी आधीच येऊन उभे होते. चेहरा पांढराफटक. वाटाणा मान खाली घालून बाजूला झाला.

"काका, मला तुमच्यावर रागवायचंय," साहेब म्हणाले.

"रागवा साहेब."

"थांबा. आधी तिला बघू दे."

त्यांनी तिच्या पुढच्या पायामागे, बरगडीवर तळवा ठेवला. ठेवूनच उभे राहिले. तिनं मान वळवून त्यांच्या बाहीचा वास घेतला, मग पलीकडे नळाखाली थंड होत असलेल्या राखाडी घोड्याकडे कुतूहलानं बघितलं आणि बादलीत तोंड घालून घटाघटा पाणी प्यायला लागली. साहेबांनी इतकी वर्षं तिला लांबून, दुर्बिणीतून पाहिलं होतं. "लागली की हो शांत व्हायला," ते म्हणाले. "इतक्यात? म्हणजे दर वेळी ही भ्यायलेली असायची? आणि मी फोटो काढून घेत होतो." मग ते ताठ झाले, पत्रकारांकडे गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "घोडी उत्तम आहे. जॉकीनं चोख काम केलं. आज आमच्यापेक्षा चांगला घोडा होता. लिहून घ्या." रागवायचं ते विसरले, की राहू दिलं त्यांनी, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. पोचवायला म्हणून काका बरोबर निघाले. मीही येते, म्हणत काकूही पुढच्या बाकावर चढल्या. मावशी काही येणार नव्हती, तिची नोकरी इथं होती. म्हणजे खरी परीक्षा पुढेच होती. शेजारच्या एका घोडीची भीती जाणं वेगळं, आणि अनोळखी कळपात जाऊन राहणं वेगळं. वाटभर काका खिडकीला डोकं टेकून बसले होते. "नाही जमलं तिला, तर?" एवढंच त्यांनी एकदा विचारलं. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला.

फार्मवाल्या बाईंनी फाटक उघडलं. लांबवर उतारावर घोड्या चरत होत्या, सात-आठ असतील. भागूबाई फाटकातच थबकली. कापरं भरलं. आणि तिनं ओळखीची जागा शोधली, काकांच्या काखेत तोंड घातलं.

काकांचा हात आपोआप तिच्या मानेवर गेला. तिला घेऊन परत फिरावं, आत्ताच्या आत्ता, असं त्यांना इतकं तीव्रपणे वाटलं की त्यांनी एक पाऊल मागे टाकलंही. मग त्यांनी तिच्या तोंडावरचा लगाम सोडवला. कपाळावर ओठ टेकले. "जा गं," म्हणाले. "जा बाळ." आणि स्वतः फाटकाबाहेर येऊन कडी लावली.

ती कडीशी नाक लावून उभी राहिली. हलकेच खिंकाळली. काकांनी पाठ फिरवली नाही, पण पुढेही गेले नाहीत. काकूंनी त्यांची बाही घट्ट धरून ठेवली होती. तेवढ्यात कळपातली एक काळी घोडी कान टवकारून इकडे चालत आली. दोन हातांवर थांबली. भागूबाईनं दचकून पाय आपटला. काळीनंही आपटला. बराच वेळ दोघी नुसत्या उभ्या. मग काळी खाली मान घालून तिथंच, तिच्या शेजारी, चरायला लागली. भागूबाईचं कापरं थांबायला वेळ लागला. पण थांबलं. तिनं गवताला तोंड लावलं, वर बघितलं, पुन्हा लावलं. काळी चरत चरत पुढे सरकली, तशी हीही सरकली. असं करत करत दोघी उताराच्या निम्म्यापर्यंत गेल्या, आणि बाकीच्या घोड्यांनी तिला हुंगून, एकदोनदा दटावून, आपल्यात घेतलं. आता इतक्या लांबून कुठली तांबूस पाठ आपली, हे काकांनाही डोळे बारीक करून शोधावं लागत होतं.

ऊन उतरलं. ड्रायव्हर गाडीपाशी खोळंबून उभा होता. काकांचे गाल ओले होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

फार्मवाल्या बाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "काका, जाण्यापूर्वी एकदा हाक मारा की. तुमचा आवाज ऐकला तर येईल ती धावत."

काकांना माहीत होतं, येईल. अजून येईल. त्यांनी तोंडाशी दोन्ही हात नेले, छाती भरून श्वास घेतला, आणि तसेच उभे राहिले. मग हात खाली आणले.

"नको," ते म्हणाले. "खातेय ती. खाऊ दे."